मॅडमचे मिस्टर

बोरीच्या शाळेत सिद्धोधन सरांचा इतिहासाचा तास असला की शेजारच्या वर्गातलं गणित बुडायचं. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे पलीकडची पोरंही कान इकडंच लावून बसायची. सर सनावळ्या घोकून घेत नसत. ते इंग्लंडच्या राण्यांच्या नवऱ्यांच्या गोष्टी सांगत. "राजाची बायको राणी होते, मग राणीचा नवरा राजा का होत न्हाई?" एवढं विचारून खडू बोटांत फिरवत उभे राहत, आणि वर्गात कालवा उठला की गोष्टीला हात घालत. ॲन राणीचा नवरा डेन्मार्कचा. राणी सतरा वेळा पोटुशी राहिली आणि एकही लेकरू हाताला लागलं नाही. त्या गड्याला देशानं कधी राजा म्हटलं नाही, पण मरेपर्यंत तो तिच्याजवळून हलला नाही. व्हिक्टोरियाचा नवरा जर्मनीचा. सुरुवातीला त्याला काम काय, तर राणीनं सही केली की वरची शाई टिपायची. आणि अलीकडच्या राणीच्या नवऱ्यानं तर आरमारातली नोकरी सोडली आणि तो जन्मभर तिच्या दोन पावलं मागून चालला.

"ह्याला म्हणतेत मर्द," सर म्हणायचे. "पुढं काय, कुणीबी चालतंय."

हे बोलताना ते मनापासून बोलत. घरीही तसेच वागत. बायको नीलम राणीसावरगावची, बी.एस्सी. झालेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सिद्धोधननंच तिच्यापुढं स्पर्धा परीक्षेचा अर्ज ठेवला होता. ती नको नको म्हणत होती, ह्यानं हट्ट धरला. प्रियांका झाली तेव्हाही अभ्यास सुटू दिला नाही. पहाटे उठून हा भाकरी थापायचा, लेकराचं दूध बघायचा, आणि शाळेला जाता जाता तिला काल वाचलेलं विचारायचा. गावाकडून, वालूरहून आई सुलाबाई आली आणि तिनं लेकाला परातीपुढं बसलेलं पाहिलं.

"काय रं, तिला हात न्हाईत का?"

"हायत की माय. सध्या पुस्तकात गुतलेत."

गल्लीत त्याला बायल्या म्हणत. तो हसायचा.

तिसऱ्या वेळी नीलम मुलाखतीपर्यंत पोचली. तिथं समितीतल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं, "उद्या तुम्ही अधिकारी झालात, मिस्टर शिक्षक. घरात हुकूम कुणाचा चालणार?" नीलम म्हणाली, "सर, व्हिक्टोरिया राणीला लग्नाची मागणी घालायची कुणाला मुभा नव्हती, म्हणून तिनंच नवऱ्याला विचारलं. आमच्या घरात उलटं झालं. राणी व्हायचं का, हे मला माझ्या नवऱ्यानं विचारलं." सगळी समिती हसली. निकाल लागला आणि नीलम नायब तहसीलदार झाली. हा किस्सा सिद्धोधननं बोरीत, वालुरात, एसटीत, जिथं दोन माणसं ऐकतील तिथं सांगितला.

त्याचे वडील सटवाजी वालूरचे जुने कोतवाल. चाळीस वर्षं तहसीलच्या दाराबाहेर हात बांधून उभे राहिलेले. साहेबाची जीप आली की पळायचं, दप्तर डोक्यावर घ्यायचं, दवंडी द्यायची. नीलम पहिल्यांदा सरकारी जीपनं वालूरला आली तेव्हा म्हातारा लिंबाखाली बाजेवर बसला होता. जीप दिसताच तो ताडकन उठला, धोतर सावरलं आणि हात कपाळाला नेला. नीलम धावत येऊन पाया पडली.

"मामा, काय करायलाव हे? बसा की."

"बसतो बाई. पायाला सवय हाय. ते आपोआप उठतेत."

सिद्धोधन जीपच्या मागच्या दारातून प्रियांकाला घेऊन उतरत होता. बापाचा तो हात त्यानं पाहिला. तो आपल्यासाठी नव्हता, हे त्याला तेव्हा जाणवलंही नाही. पुढं मात्र ते बरेचदा आठवलं.

नीलमची नोकरी शेजारच्या तालुक्यात. रोजचं जाणंयेणं होईना, म्हणून पती-पत्नी एकत्रीकरणात सिद्धोधननं बदली मागून घेतली. बोरी सुटली. नव्या ठिकाणी मिळाली ती दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. तिथं इतिहास कसला, पोरांना शेंबूड पुसायला शिकवायचं. निघताना बोरीची मोठी पोरं रडली. नीलमला तो म्हणाला, "राणीच्या नवऱ्यानं जहाज सोडलं, मी बोरी सोडली." ती हसली आणि मग हसता हसता गप्प झाली. "तुमाला जड जाईल," ती म्हणाली. "काय न्हाई जात," तो म्हणाला.

पण जड गेलं. एकदम नाही, पायात काटा मोडावा आणि चार दिवसांनी ठणकायला लागावा तसं. क्वार्टरच्या दारावर पाटी तिच्या नावाची. शिपाई त्याला 'मॅडमचे मिस्टर' म्हणे, दूधवाला म्हणे, त्याच्या शाळेचा दुसरा गुरुजीही पाठीमागं म्हणे. लग्नाच्या पत्रिका यायच्या, त्यांवर तिचं नाव हुद्द्यासकट आणि खाली 'सहकुटुंब'. त्या सहकुटुंबात कुठं तरी हा.

एप्रिलात वालूरला जयंती झाली. गावच्या लेकाची बायको अधिकारी झालेली, म्हणून तिचा सत्कार ठेवला. स्टेजवर पाच खुर्च्या होत्या, त्यातली मधली तिची. सिद्धोधन खाली पहिल्या रांगेत. शाल आली, नारळ आला, गुच्छ आला. नीलमनं एकेक वस्तू खाली त्याच्या हातात दिली. मांडीवर प्रियांका झोपलेली, तिचा एक बूट कुठं तरी पडलेला. नीलम बोलायला उभी राहिली. बाबासाहेबांचं नाव घेतलं, सासऱ्यांनी तहसीलच्या दारात काढलेल्या दिवसांचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "घरच्यांच्या पाठिंब्यामुळं मी इथपर्यंत आले." टाळ्या पडल्या. सटवाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिद्धोधनही टाळ्या वाजवायला गेला, पण दोन्ही हात भरलेले.

घरच्यांच्या. तो शब्द त्यानं घरी येईपर्यंत चावला. बोलला मात्र नाही, आणि तिनंही विचारलं नाही. तिच्यामागं कामं पुष्कळ होती. वीस गावांच्या फायली, निवडणुकीची कामं, वरच्यांची बोलणी. ती घरी यायची ती चेहऱ्यावरचं पाणीही न पुसता बसून राहायची. हा ताट वाढून द्यायचा. पूर्वी ताट वाढताना गोष्ट सांगायचा, आता नुसतंच वाढायचा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एक दिवस पोस्टानं पत्रिका आली. तालुक्यातले मोठे शेतकरी दत्तराव यांच्या संस्थेच्या शाळेत त्यांच्या आईच्या स्मरणार्थ व्याख्यान होतं. विषय छापला होता, 'राणीचा नवरा'. खाली ठळक अक्षरांत, 'वक्ते: इतिहासाचे गाढे अभ्यासक मा. सिद्धोधन सर'. सिद्धोधननं पत्रिका उलटसुलट पाहिली. मॅडमचं नाव कुठंच नव्हतं. त्यानं ती पुन्हा वाचली, आणि दिवसभरात आणखी सहा-सात वेळा.

व्याख्यान झालं. दीड तास तो बोलला. बोरी सुटल्यापासून आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. ती राजकन्या सांगितली, जिला घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न करायचं होतं आणि राजघराण्याच्या मानापायी जिनं ते मोडलं. तो नवरा सांगितला, ज्याला सुरुवातीला स्वतःच्या लेकरांना आपलं आडनाव लावू दिलं नाही. ते सांगताना त्याचा आवाज कापला. लोक चिडीचूप. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले तेव्हा त्याला वाटलं, आपण अजून हाय.

नंतर दत्तरावांनी घरी नेलं. मोठा ओटा, आत बैठक, शिसवी खुर्च्या. सटवाजीनं असल्या घरांच्या ओट्यावर उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. दवंडी द्यायची ती खालून. दत्तरावांनी सिद्धोधनला आपल्या बाजूच्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं चहाचा कप दिला.

"सर, एवढी तुमची विद्या. आन् लोक तुमाला मॅडमचे मिस्टर म्हणतेत. आमाला तर ऐकून वंगाळ वाटतंय बघा."

सिद्धोधननं खाली पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं.

मग कामाचं निघालं. दत्तरावांच्या रानातून एक जुनी गाडीवाट होती. पलीकडं बबिता नावाच्या विधवा बाईचं दोन एकर शेत. वाट दत्तरावांना बंद करायची होती. बबितानं तहसीलला अर्ज केला होता. पाहणी नीलमकडं दिलेली. ती दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेली होती आणि जाताना तिनं मंडळ अधिकाऱ्याला पाहणी उरकून ठेवायला सांगितलं होतं.

"वाट बंद करा म्हणून मी म्हणत न्हाई," दत्तराव म्हणाले. "फकस्त मॅडम येईपर्यंत थांबा म्हणा. त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या की. दहा दिवसांत इन्साफ का पळून जायलाय?"

त्यात वाईट काय, असं सिद्धोधनला वाटलं. उलट बरंच की, नीलम स्वतः बघेल. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावरून त्यानं मंडळ अधिकाऱ्याला फोन लावला.

"मी सिद्धोधन बोलायलोय."

"कोण सिद्धोधन?"

पलीकडं कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. सिद्धोधननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडमचे मिस्टर."

"हां हां, बोला ना सर! हुकूम करा."

"मॅडम म्हणाल्या, ती बबिताबाईची पाहणी त्या आल्यावर करू."

"झालं म्हणून समजा सर."

फोन ठेवताना त्याला भीती वाटली, आणि भीतीखाली थोडी गोडी. एक शब्द टाकला आणि पाच कोसांवर एक जीप थांबली.

चौथ्या दिवशी दत्तरावांनी ट्रॅक्टर घालून वाट नांगरली, आणि लगोलग ज्वारी पेरली. बबिताचं सोयाबीन कापून पलीकडं गंजी लावून ठेवलेलं होतं. मळणीयंत्र जाईल तर कुठून? ती मंडळ अधिकाऱ्याकडं गेली, तो म्हणाला मॅडमच्या मिस्टरांचा फोन होता, आता मॅडम आल्यावर. ती दत्तरावांकडं गेली, ते म्हणाले वाट दाखव कुठाय ती. सातव्या दिवशी आभाळ फुटलं आणि दोन दिवस कोसळत राहिलं. नीलम पुण्याहून आली तेव्हा वाटेच्या जागी बोटभर हिरवी ज्वारी उगवली होती आणि बबिताच्या गंजीतून कोंब बाहेर आले होते.

बबिता ते कोंब पदरात घेऊन थेट कचेरीत आली. टेबलावर ओतले.

"बाई, तुमी बी बाईच हाव," ती म्हणाली. "तुमच्या मालकानं थांबवलं म्हणं. मी काय वाकडं केलं होतं त्यांचं?"

नीलम त्या दिवशी दुपारीच घरी आली. सिद्धोधन ओसरीत प्रियांकाची वेणी घालत होता. नीलमनं लेकीला शेजारी पाठवलं आणि दार लोटलं.

"फोन तुमी केला?"

त्यानं मान हलवली. "तू येईपर्यंत थांबा, एवढंच म्हणलो. मला काय मालूम तो नांगर घालील."

"मी सांगितलं म्हणून सांगितलं तुमी."

"मग काय सांगू?" एकाएकी त्याचा आवाज चढला. "माझं नाव सांगितलं होतं आधी. कोण सिद्धोधन, म्हणाला. माझं नाव कुठं चालतंय का गं? ह्या घरात चालतंय का? वालूरच्या स्टेजवर तू सगळ्यांची नावं घेतलीस. बापाचं घेतलंस. माझं घेतलंस का?"

नीलम उभीच होती. ती म्हणाली, "न्हाई घेतलं. चुकलंच माझं."

तो तयार नव्हता ह्याला. भांडण करील, रडेल, असं त्याला वाटलं होतं.

"पर त्याचा वचपा त्या बाईच्या रानात काढायचा का?" ती म्हणाली. "माझ्यावर वरडायचं होतं. चार माणसांत माझी इज्जत काढायची होती. मी ऐकून घेतलं असतं."

"आता काय करणार हाईस?"

"लिहून देणार. फोन माझ्या परवानगीनं झाला न्हाई म्हणून."

"नवऱ्याच्या इरोधात?"

"न्हाई लिहिलं तर तो फोन माझा ठरतोय," नीलम म्हणाली. "बबितासाठी ठरतोय, सगळ्या तालुक्यासाठी ठरतोय. मग मी कुठल्या तोंडानं खुर्चीत बसू?"

"म्हणजे खुर्चीसाठीच."

आतल्या खोलीत जाऊन तिनं कागद काढला आणि एका बैठकीत लिहिलं. त्यानं दारातून पाहिलं. अक्षर वळणदार, कुठं खाडाखोड नाही. मुलाखतीच्या आधी सुवाच्य लिहायची सवय त्यानंच तिला लावली होती.

दोन दिवसांनी ती पोलिस घेऊन स्वतः रानात गेली आणि उभ्या ज्वारीतून वाट काढून दिली. दत्तरावांनी वर अपील केलं. व्याख्यानाला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी सिद्धोधनला फोन केला नाही. त्यानं लावला तर दत्तरावांनीही उचलला नाही. सिद्धोधनची चौकशी लागली, आणि तो निलंबित झाला. एका पेपरात बातमी आली, 'मॅडमच्या मिस्टरांचा प्रताप'. त्यानं ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. नीलमचं नाव तीन वेळा होतं. त्याचं एकदाही नव्हतं.

वालूरहून आईबाप आले. सुलाबाई दारातूनच सुरू झाली, "नवऱ्याच्या पोटावर पाय दिलास बाई. त्यानं भाकरी थापून तुला साहेब केलं." नीलमनं खाली मान घालून ऐकलं. सटवाजी मात्र लेकासमोर बसला. म्हातारा कधी जास्त बोलत नसे.

"चाळीस वर्षं साहेबाच्या दारात व्हतो," तो म्हणाला. "लोक हातापाया पडायचे, साहेबाला एक शबूद टाका म्हणायचे. एकदाबी टाकला न्हाई. दार आपलं नसतंय रं, सिद्धोधन. आपण निसतं तिथं उभं असतो."

"तुमी कोतवाल व्हताव बाबा. मी नवरा हाय."

"मग नवऱ्यावानी ऱ्हायचं व्हतं," म्हातारा म्हणाला आणि उठून बाहेर गेला. सिद्धोधनला वाटलं होतं, निदान बाप तरी आपल्या बाजूनं बसेल.

उन्हाळ्यात नीलमची बदली झाली, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. तिची चूक नव्हती असं सगळे म्हणाले, आणि बदलीही झाली. सिद्धोधनचं निलंबन उठलं होतं, शाळा तीच. एकत्रीकरणाचा फॉर्म त्यानंच आणला, भरला. त्याला तिच्या कचेरीचा दाखला लागत होता. फॉर्म त्यानं तिच्या पुढ्यात ठेवला. ती प्रियांकाचे कपडे पिशवीत भरत होती.

"दाखला देशील?"

नीलमनं फॉर्म वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग घडी घालून त्याच्या हातात दिला.

"नका येऊ," ती म्हणाली. "तिथंबी पाटी माझीच असणार. तुमी तिथंबी असेच झिजणार, आन् मी तिथंबी रोज फोनकडं बघणार. मला न्हाई जमायचं."

"सोडायलीस का मला?"

"मी काय सोडत न्हाई. सुट्टीला येत जा. लेक तुमची हाय." तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नव्हते. "पर घरात भरोसा लागतोय. तो आता न्हाई राहिला. मी काय करू, सांगा."

सकाळी टेम्पो आला. सामान चढलं. प्रियांका पुढच्या सीटवरून हात हलवत राहिली, टेम्पो वळेपर्यंत.

क्वार्टर सोडावं लागलं. सिद्धोधननं शाळेच्या गावीच एक खोली बघितली. महिनाभर तो कुणाशी बोलला नाही. मग एका रविवारी, काय मनात आलं कोण जाणे, सायकल काढून तो बबिताच्या शेतावर गेला. त्या वाटेनंच गेला. दोन्ही बाजूंनी दत्तरावांनी काटेरी तार ओढली होती, पण मधून गाडी जाईल एवढी जागा होती. चाकोऱ्या ताज्या होत्या. बबिता बांधावर कापसाच्या वाळल्या पळाट्या गोळा करत होती. त्यानं सायकल लावली आणि हात जोडले.

"बाई, तुमच्या सोयाबीनचं नुकसान माझ्यामुळं झालं. माफी मागायला आलोय."

बबितानं कपाळावर हात धरून त्याला न्याहाळलं. ओळख पटेना.

"कोण म्हणायचं तुमी?"

त्यानं नाव सांगितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"मॅडमचा नवरा," तो म्हणाला.

"आगं बाई!" तिनं पळाट्या खाली टाकल्या आणि डोक्यावर पदर घेतला. राग नाही, काही नाही. चेहरा एकदम उजळला. "बरं झालं देवासारखे आलाव. झालं ते झालं, पिकाचं काय घिऊन बसलाव. दादा, माझं निराधार पेन्शनचं कागूद सहा महिने झालं अडकलंय. मॅडमला तेवढं सांगता का?"

"मॅडम हितं न्हाईत आता. बदली झाली त्यांची."

बबिताचा पदर खांद्यावर आला. तिनं वाकून पळाट्या पुन्हा उचलल्या, मोळी मांडीवर घेतली आणि दोरीला गाठ मारत त्याच्याकडं न बघताच म्हणाली,

"मग तुमी कशाला आलाव?"